शेवटच्या टोकावरचं दगडी खोपटं

एकतीस वर्षं मी लोकांच्या भिंती ठोकून पाहिल्या. गिरगाव, लालबाग, परळ, डिलाईल रोड. जुन्या चाळी राहण्याजोग्या आहेत की धोकादायक, हे ठरवणाऱ्या सरकारी खात्यात मी कनिष्ठ अभियंता होते. त्या नोकरीने मला एक सवय लावली. कुणी फार आग्रहाने चहा दिला की मी आधी त्या खोलीतलं कपाट कुठे आहे ते बघते. तडा कपाटामागे असतो. कपाट नसेल तर कॅलेंडरमागे.

माझी लेक आयर्लंडमध्ये एका इस्पितळात नर्स आहे. मी निवृत्त झाले त्या मे महिन्यात तिने मला बोलावून घेतलं. तिच्या खिडकीतून समोरच्या इमारतीच्या गॅलऱ्यांच्या भेगा मला पाठ होऊ लागल्या, तेव्हा ती म्हणाली, "आई, मी चार दिवस रजा काढलीय. पश्चिमेचा किनारा दाखवते तुला. तिथे जुनी दगडी घरं आहेत, हजार-बाराशे वर्षांची. चुना नाही, सिमेंट नाही, नुसता दगडावर दगड."

"हजार वर्षं? बिनचुन्याचं?"

"हो."

"मधे कुणीतरी डागडुजी केली असणार."

"झालं तुझं सुरू," ती म्हणाली.

गाडीने अर्धा दिवस लागला. रस्ता अरुंद होत गेला, झाडं बुटकी होत गेली आणि सगळी एकाच दिशेला वाकलेली दिसू लागली. शेवटी जमीन जिथे संपते तिथे एका म्हाताऱ्याचं घर होतं. सत्तरी ओलांडलेला, उंच, खांद्यात वाकलेला माणूस. बायको वारलेली, मुलं परदेशी. घराच्या दोन खोल्या तो प्रवाशांना द्यायचा आणि मेंढ्या पाळायचा. मेंढ्यांच्या पाठीवर निळ्या रंगाचे पट्टे होते, ओळखीसाठी.

त्याने आम्हाला चहा दिला, तपकिरी पाव कापून दिला, लोण्याचं भांडं पुढे सरकवलं. मी त्याचे हात बघत होते. नखं तुटलेली, बोटांची पेरं सोललेली, तळव्याला ताजे घट्टे. मेंढ्या राखणाऱ्याचे हात असे नसतात. असे हात मी पाहिले होते ते दगड उचलणाऱ्यांचे.

त्याचं इंग्रजी मला अर्धंच कळायचं. शब्द तो दातांच्या आतच ठेवायचा, मग लेक मला मराठीत सांगायची. त्याने विचारलं, मी भारतात काय करते. लेकीने मोठ्या कौतुकाने सांगून टाकलं, "माझी आई सरकारी इंजिनिअर होती. जुन्या इमारती तपासायची. धोकादायक असतील तर नोटीस काढायची."

त्याच्या हातातली किटली टेबलावर जरा जोरात टेकली.

"इथे कामासाठी आलात?" त्याने थेट मला विचारलं. हे वाक्य मात्र अगदी स्पष्ट होतं.

"नाही. फिरायला."

"काय बघणार?"

"जुनं दगडी काम," मी म्हटलं. खरं तेच सांगितलं.

पावाची सुरी त्याने धुतली, पुसली, पुन्हा धुतली आणि बाहेर निघून गेला. माझ्या लेकीला यात काही दिसलं नाही. मला दिसलं. अशी शांतता मी चाळीत शेकडो वेळा ऐकली होती.

दुसऱ्या दिवशी आम्ही किनाऱ्याने निघालो. एका बाजूला उतरणीवरची शेतं, दुसऱ्या बाजूला सरळ खाली समुद्र. काही ठिकाणी रस्ता इतका अरुंद की समोरून गाडी आली तर कुणीतरी मागे जायचं. लेकीने गाडीचं दार उघडलं की वारा ते तिच्या हातातून ओढून घ्यायचा. अंगावर साडी नव्हती, सलवार-कुडता आणि वर तिचं जाड जाकीट, तरी ओढणी मी दोनदा कुंपणावरून सोडवून आणली. शेतांच्या बांधांनाही नुसता दगड रचलेला, आणि वारा त्यातून शिटी वाजवत जात होता. पाण्यात काळी बेटं होती. त्यांच्या कड्यांवर इतके पक्षी बसलेले की कडा पांढरा वाटत होता.

लेकीने सांगितलेल्या दगडी घरांपैकी पहिलं, एक जुनं प्रार्थनाघर, आम्हाला दुपारी सापडलं. कफ परेडच्या मच्छीमार नगरात पावसाळ्यात होड्या उलट्या घालून ठेवतात ना, तशी एक होडी, फक्त दगडाची. भिंत आणि छप्पर असा वेगळेपणाच नाही. दोन्ही बाजूंच्या भिंती थराथराने आत झुकत वर गेलेल्या आणि माथ्यावर एकमेकींना भेटलेल्या. मी पर्समधून दोरा काढला, त्याला खोलीची किल्ली बांधली आणि भिंतीचा कल बघायला ओळंबा म्हणून तो भिंतीशी धरला. वाऱ्याने किल्ली आडवी उडवली. पुन्हा धरली, पुन्हा आडवी. लोक बघायला लागले.

"आई, आत ये," लेक म्हणाली. "आत वारा नाही."

खरंच नव्हता. कमरेत वाकून दारातून आत गेले आणि कानांतला आवाज एकदम थांबला. किल्ली सरळ लटकली. मी चारही बाजूंनी बघितलं. भिंतीने कुठेही पोट काढलं नव्हतं. प्रत्येक दगड बाहेरच्या बाजूला किंचित उतरता, म्हणजे पावसाचं पाणी आत न येता बाहेर जावं. एका थरातला सांधा वरच्या थरातल्या दगडाच्या पोटाखाली झाकलेला, आमचे गवंडी बांधतात तसाच. लेकीला मी म्हटलं, "काम चोख आहे." तिने माझा फोटो काढला, कारण असं मी आमच्या नव्या घराच्या बिल्डरलाही कधी म्हटलं नव्हतं.

बाहेर आलो तर गाड्या लावायच्या जागेत एक चिखलाने भरलेली हिरवी व्हॅन उभी होती. तिचा मागचा एक दरवाजा पांढरा होता. ही म्हाताऱ्याची, त्याच्या घरासमोर मी पाहिलेली. आत तो बसला होता आणि वर्तमानपत्र वाचत होता. पान काही उलटत नव्हतं.

त्यानंतर आम्ही कड्यावरचा एक पडका कोट बघायला थांबलो. तिथेही थोड्या वेळाने हिरवी व्हॅन आली.

"तो आपल्या मागे आहे," मी लेकीला म्हटलं.

"आई, इथे एकच रस्ता आहे. दूध आणायला जायचं तरी याच रस्त्याने."

"दूध कड्यावर मिळतं का?"

ती हसली. पण परतताना तिनेही आरशात दोन-तीनदा पाहिलं.

संध्याकाळी आमच्या खोलीच्या खिडकीतून मला ते दिसलं. घरामागच्या शेतांच्या पार टोकाला, समुद्राच्या काठावर, दगडाचा गोल उंचवटा. मधमाश्यांच्या पोळ्यासारखा. तशी गोल खोपटी या किनाऱ्यावर बरीच आहेत, साधू त्यात राहायचे म्हणे. जेवताना मी त्याला विचारलं.

"मेंढ्यांचा गोठा आहे," तो म्हणाला.

लेकीने फोन काढला. "पण इथे फोटो आहेत. लोक आत बसलेत, लहान मुलंसुद्धा. गेल्या वर्षीचे आहेत."

"आता बंद आहे. शेतात बैल सोडलाय."

संध्याकाळी खिडकीतून मला त्या शेतात बैल दिसला नव्हता. लालबागच्या एका घरात असंच झालं होतं. स्वयंपाकघरात जाऊ नका, आत नवी सून झोपलीय असं मला सांगितलं, आणि ती सून तर मला दारात पाणी देऊन गेली होती.

खोलीत आल्यावर मात्र माझ्या मनात वेगळंच येऊ लागलं. मी लेकीला म्हटलं, "त्याला आपण तिथे नको असू. आपणच."

"म्हणजे?"

म्हणजे काय ते तिला माहीत होतं. मी नोकरीला लागले त्या वर्षी गिरगावात एका घराची मोरी तपासायची होती. मोरी स्वयंपाकघराच्या पलीकडे. दारातल्या आजींनी माझं ओळखपत्र हातात घेतलं, दोनदा वाचलं आणि विचारलं, "आडनाव कुठलं म्हणायचं हे?" मी सांगितलं. मग त्या म्हणाल्या, "आत पूजा चाललीय, नंतर या." पूजेची घंटा नव्हती, उदबत्तीचा वास नव्हता. मी खाली आले, आमच्या साहेबांना घेऊन गेले, आणि त्यांच्यासाठी पूजा लगेच संपली. माझे वडील गिरणीत होते, आमच्या चाळीत सगळी विहारात जाणारी माणसं. तेव्हा घरी मी हे सांगितलं नाही. पण तेव्हापासून कुणी दार अडवलं की कारण तड्याचं आहे की माझं, हे मी आधी ठरवायला बघते. बरेचदा ठरत नाही.

"इथे तसं नसतं, आई," लेक म्हणाली. मग थोडं थांबून, "म्हणजे, असतं कधीकधी. एका बाईंनी मला इंजेक्शन देऊ दिलं नव्हतं. पण हा म्हातारा तसा वाटत नाही."

हे तिने मला फोनवर कधी सांगितलं नव्हतं. मी तिच्याकडे बघत राहिले. ती बॅग आवरायला लागली.

सकाळी मला हातगाडीच्या चाकाच्या कुरकुरण्याने जाग आली. खिडकीतून पाहिलं तर म्हातारा बांधाच्या कडेने रिकामी हातगाडी घेऊन येत होता, त्या खोपट्याच्या बाजूने. मेंढ्यांना चारा हातगाडीतून नेतात हे खरं. पण गाडीच्या तळाशी दगडाचा चुरा होता.

लेक झोपलेली होती. तो स्वयंपाकघरात शिरल्याचा आवाज आला, तेव्हा मी बूट घातले आणि मागच्या दाराने निघाले.

फाटकाला साखळी होती आणि नवं कोरं कुलूप. मी बांधाच्या कडेने चालत गेले आणि जिथे दगडांत चढून जायच्या पायऱ्या सोडलेल्या असतात तिथून पलीकडे उतरले. माझ्या वयात आणि त्या वाऱ्यात हे शहाणपणाचं नव्हतं. बैल कुठेच नव्हता. दोन मेंढ्या माझ्याकडे बघत चघळत होत्या.

जवळून खोपटं सुंदर होतं. माझ्यापेक्षा दीडपट उंच, गोल, दार समुद्राकडे पाठ करून. सगळ्या दगडांवर दगडफूल चढलेलं, पांढरं, पिवळं, राखाडी. आमच्या लालबागच्या मसाल्याच्या दुकानात पोत्यात भरून ठेवतात तेच, इथे जिवंत. मी वळसा घालून वाऱ्याच्या बाजूला गेले आणि थांबले. तिथे खांद्यापासून वर, दार मावेल एवढ्या जागेत, दगड स्वच्छ होते. एकावरही दगडफूल नाही. काहींवर तर ते आतल्या बाजूला वळलेलं फटीतून दिसत होतं. म्हणजे दगड उलटे बसवलेले.

मी आत गेले. दोरा आणि किल्ली खिशात होती. त्या बाजूला भिंत आत सुटली होती, चांगली चार बोटं. आणि सगळ्यात वाईट म्हणजे सांध्यावर सांधा आला होता, एकाखाली एक, पाच थर. नव्या गवंड्यालाही पहिल्या आठवड्यात सांगतात की सांध्यावर सांधा येऊ देऊ नकोस, भिंत तिथेच फाटते. दगड बाहेर उतरते असायला हवेत, ते आत उतरते होते. खाली जमीन ओली होती.

दारातला उजेड गेला. म्हातारा वाकून आत बघत होता.

"कुणी पाठवलं तुम्हाला?" तो म्हणाला.

"कुणी नाही."

"डब्लिनच्या ऑफिसने?"

"कुठल्या ऑफिसने?" मी म्हटलं. "मी डिलाईल रोडहून आले."

हे त्याला काय कळणार? पण त्याचा चेहरा बघून मला मात्र एकदम सगळं कळलं. हा मला लपूनछपून आलेली तपासनीस समजत होता. माझा प्रवास, माझी लेक, माझी दोऱ्याला बांधलेली किल्ली, सगळं त्याला सोंग वाटत होतं. प्रार्थनाघराशी तो माझ्यामागे आला होता ते मी काय काय तपासते हे बघायला.

"बाहेर या," मी म्हटलं. "आधी बाहेर या. इथे उभं राहू नका."

आम्ही आडोशाच्या बाजूला बांधावर बसलो. मी त्याला हळूहळू बोलायला सांगितलं, मग त्याचं इंग्रजी कळू लागलं. हिवाळ्यातल्या वादळात ती बाजू कोसळली होती. ही घरं सरकारी संरक्षणात आहेत, मालकाने एक दगडही हलवायचा नाही, कळवायचं आणि वाट बघायची. त्याने कळवलं नाही. पणजोबांपासून ते त्यांच्या शेतात होतं आणि त्याच्या हयातीत ते पडलं हे त्याला कुणाला सांगवेना. सहा आठवडे एकट्याने दगड उचलून त्याने ते पुन्हा रचलं. मग साखळी लावली. पण मनाला पटत नव्हतं, म्हणून रोज सकाळी जाऊन तो फटींत दगडाच्या चिपा ठोकत होता.

"दिसतं का?" त्याने विचारलं. "बघणाऱ्याला?"

"मला दिसलं."

"तुम्हाला काय हवंय?"

मला वाटलं होतं मी चिडेन. त्याऐवजी मी त्याला परळची गोष्ट सांगितली, जी मी माझ्या लेकीलाही सांगितली नव्हती. एका खोलीत मला कपाटाचा संशय आला होता. घरातल्या बाई चांगल्या होत्या. त्यांनी कांदेपोहे केले होते, मी सकाळपासून चार-चार मजल्यांचे जिने चढत होते. त्या म्हणाल्या, कपाट फार जड आहे हो मॅडम, मागे काही नाही. मी म्हटलं, राहू द्या. पंधरा दिवसांनी ती भिंत कपाटासकट आत आली. बाईंच्या नवऱ्याचा पाय गेला. मी इस्पितळात भेटायला गेले तर बाई मलाच म्हणाल्या, मॅडम, आम्ही लपवायला नको होतं. त्यांनी मला दोष दिला असता तर मला सोपं गेलं असतं.

मोडक्या इंग्रजीत मी हे कितपत सांगू शकले माहीत नाही. तो समुद्राकडे बघत ऐकत होता.

"लहान मुलं बसतात त्यात," मी म्हटलं. "साखळी असली तरी बांधावरून कुणीही चढून येईल. मी आले ना?"

"तुम्ही त्यांना सांगणार."

"मी सांगणार नाही. मला पत्ताही माहीत नाही. तुम्ही सांगा."

"ते मला सोडणार नाहीत."

"सोडतील की नाही, मला ठाऊक नाही," मी म्हटलं, कारण खरंच ठाऊक नव्हतं. मग मी खाली पडलेले पाच-सहा चपटे दगड गोळा केले आणि गवतावर दोन थर रचून त्याला दाखवलं. सांधा कुठे झाकायचा, उतार कुठल्या बाजूला. तो गुडघ्यांवर बसला. एक दगड त्याने स्वतः उचलून फिरवला, बरोबर बसवला, आणि माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी त्याला सापळ्यात पकडलंय.

न्याहारीला तो आमच्याबरोबर बसला नाही. अंडी टेबलावर ठेवून गेला. लेक विचारत राहिली, काय झालं, मी म्हटलं गाडीत सांगते. निघताना तो फाटकापर्यंत आला आणि लेकीकडे फोन नंबर मागितला. मला वाटलं, आता हा माझी तक्रार करणार, परवानगीशिवाय शेतात शिरले म्हणून. मी लेकीला मराठीत म्हटलं, "देऊ नकोस." तिने दिला.

गाडीत तिला मी खोपट्याचं सांगितलं. परळचंही सांगितलं. तिने गाडीचा वेग कमी केला. मग म्हणाली, "तू मला लहानपणी प्रत्येक नव्या घरात गेल्यावर भिंतीपासून लांब बसवायचीस." मी हो म्हटलं. मग तिने मला इंजेक्शनवाल्या बाईंची गोष्ट पूर्ण सांगितली. मीही मधे न बोलता ऐकली.

मी मुंबईला परतले. गणपतीच्या दिवसांत, लालबागच्या ढोलांचा आवाज आमच्या गल्लीपर्यंत येत असताना, लेकीने म्हाताऱ्याचा निरोप पाठवला. त्याने ऑफिसला स्वतः कळवलं होतं. तीन माणसं आली होती. त्याला शाळेतल्या पोरासारखं रागावली, दंडाचं पत्र येईल असं म्हणाली, पण अजून आलेलं नाही. त्यांनी ती बाजू उतरवून घेतली आणि आता नीट रचणार आहेत. दगड उलटे बसलेत हे त्याला कसं कळलं, असं त्यांनी विचारलं तेव्हा त्याने, माझ्या नंतर लक्षात आलं, असं सांगितलं. माझं नाव घेतलं नाही, हे त्याने मुद्दाम लिहिलं होतं.

निरोपाबरोबर एक फोटो होता. अर्धं उघडं खोपटं आणि समोर गवतावर रांगेने मांडलेले दगड, प्रत्येकावर खडूने त्याच्या जागेचा आकडा. मी फोटो मोठा करून एकेक दगड बघितला. तिसऱ्या रांगेत दोन दगडांवर सतरा लिहिलेलं होतं. दोन्हींवर सतरा.

मी लेकीला फोन लावला. "त्याला विचार, सतरा दोनदा का आहे?"

दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. "माझ्याही लक्षात आलंय, पण त्या लोकांना सांगायचं धाडस होत नाही. तुम्ही सांगाल का?" खाली त्याने ऑफिसचा पत्ता दिला होता.

मी चष्मा लावला, टेबलावरचं ताट बाजूला केलं आणि इंग्रजीत पत्र लिहायला बसले.